नगरची जागा कोणाची?



ग्रामपंचायत आपल्या डोळ्यासमोर असते. सरपंच रोज भेटतो. त्याला अडवून चार शब्द विचारता येतात. पण दिल्लीची लोकसभा फार लांब. तिथे आपला एक माणूस बसतो. त्याला आपण खासदार म्हणतो. हा माणूस कसा निवडला जातो, आजवर कोण कोण निवडून गेले, ते या धड्यात वाचू.

निवडणूक आली की पारावर, एसटीच्या थांब्यावर, बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात एकच बोलणे चालते. एकजण म्हणतो, "नगरची जागा अमक्या पार्टीची." दुसरा म्हणतो, "छे, ती तमक्या घराण्याची. तिथं दुसऱ्या कुणाचं काय चालायचं नाही." ऐकणाऱ्याला वाटते, खासदारकी म्हणजे कुणाचे तरी वतनच असावे. बापाने लेकाला द्यावे, लेकाने नातवाला द्यावे.

हे खरे आहे का? आम्ही इथे १९५२ पासूनचा हिशेब मांडतो. तो नीट वाचा. जागा कोणाची, ते मग तुमचे तुम्हीच ठरवा.

लोकसभा मतदारसंघ म्हणजे काय?

सगळ्या देशातून लोकसभेवर ५४३ खासदार निवडले जातात. त्यांपैकी ४८ आपल्या महाराष्ट्राचे. एका खासदारासाठी जेवढा मुलूख ठरवून दिला, तो त्याचा मतदारसंघ.

आपल्या जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि लोकसभेचे मतदारसंघ दोन आहेत. एक नगरचा, दुसरा शिर्डीचा. नगरच्या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: शेवगाव, राहुरी, पारनेर, नगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड. पाथर्डी शहर शेवगावच्या मतदारसंघात धरले आहे. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा हे सहा शिर्डीकडे आहेत.

ही आखणी २००८ सालची. तिच्याप्रमाणे पहिली निवडणूक २००९ साली झाली. त्याआधी उत्तरेचा मतदारसंघ कोपरगावच्या नावाने होता. तो मोडून शिर्डीचा झाला, आणि अनुसूचित जातींसाठी राखीव झाला.

आणखी एक गोष्ट. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मतदारसंघाचे नाव मात्र अहमदनगर असेच होते. आम्ही सोयीसाठी या धड्यात सगळीकडे 'नगर' म्हणू. जुनी-नवी माणसे सगळीच तसे म्हणतात.

पेटी आणि चित्र

इंग्रजांच्या राज्यात मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. किती सारा भरतो, किती मालमत्ता आहे, किती शिकला आहे, हे पाहून मत मिळे. गडीमाणसाला, रोजगार करणाऱ्या बाईला कोण विचारतो!

१९४२ साली इंग्रजांनी पंडित नेहरू आणि दुसऱ्या मोठ्या पुढाऱ्यांना नगरच्याच किल्ल्यात कोंडून ठेवले होते. त्यानंतर दहा वर्षांत काळ किती फिरला पाहा. देश स्वतंत्र झाला. राज्यघटना आली. २१ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत मिळाले. बाई असो, बुवा असो. जमीनदार असो, भूमिहीन असो. एका माणसाला एक मत, आणि सगळ्यांच्या मताचे वजन सारखे.

पहिली निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. तेव्हा देशात शंभरातली सुमारे १८ माणसेच साक्षर होती. मग बाकीच्यांनी मत कसे द्यायचे?

त्याला एक युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर त्याच्या चिन्हाचे चित्र लावले. काँग्रेसचे चिन्ह होते बैलजोडी. मतदाराने आडोशाला जायचे, चित्र पाहायचे आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. खूण करायची नाही, लिहायचे नाही. चित्र ओळखता आले की झाले.

बायांची गोष्ट आणखी वेगळी. यादीत नाव घालायला माणूस घरी येई. तेव्हा पुष्कळ बाया आपले नाव सांगत नसत. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगत. अशी नावे यादीत घेतली नाहीत. देशात सुमारे २८ लाख बाया अशा गळाल्या. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. स्वतःचे नाव सांगितले नाही, म्हणून मत गेले!

त्या वेळी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. उत्तरेकडून पंढरीनाथ कानवडे निवडून आले. दक्षिणेकडून उत्तमचंद बोगावत निवडून आले. दोघेही काँग्रेसचे. देशभर काँग्रेसचाच जोर होता.

दिल्लीचा वारा एकीकडे, नगरचा कौल दुसरीकडे

पाच वर्षे गेली. १९५७ ची निवडणूक आली. मराठी माणसांचे वेगळे राज्य हवे, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, अशी चळवळ तेव्हा गावोगाव पेटली होती. दिल्लीने मात्र १९५६ साली गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र करून मोठे द्विभाषिक मुंबई राज्य केले होते. लोक चिडले. निरनिराळे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले.

त्या वर्षी देशात काँग्रेसच जिंकली. पण आपल्या जिल्ह्यात? नगरमधून समितीच्या बाजूचे र. के. खाडिलकर निवडून आले. कोपरगावमधून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे बी. सी. कांबळे निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या लोकांनी काँग्रेसला भरभरून मते दिली, त्याच लोकांनी तिला घरी बसवले.

याचा उपयोग झाला का? नगरसारखाच कौल पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ मतदारसंघांनी दिला होता. त्याचा धसका दिल्लीने घेतला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, माणसांनी जीव दिले. त्या सगळ्याला मतपेटीनेही हातभार लावला.

मागणी पुरी झाल्यावर १९६२ साली नगरने पुन्हा काँग्रेसचे मोतीलाल फिरोदिया यांना निवडले. १९६७ साली काँग्रेसचे अनंतराव पाटील आले. १९७१ आणि १९७७ साली अण्णासाहेब शिंदे आले. हे आधी दोनदा कोपरगावमधून निवडून गेले होते. केंद्र सरकारात ते शेती खात्याचे राज्यमंत्री होते. संकरित बियाणे, खते, नव्या जातीचा गहू हे सारे देशात आले, त्या हरितक्रांतीच्या काळात त्यांनी हे खाते सांभाळले.

१९७७ ची गोष्ट ध्यानात ठेवा. आणीबाणी नुकतीच सैल झाली होती. उत्तर हिंदुस्थानात काँग्रेसचा धुव्वा उडाला. खुद्द इंदिरा गांधी पडल्या. तरी नगरने काँग्रेसचे अण्णासाहेब शिंदे यांनाच निवडले. म्हणजे १९५७ साली देश काँग्रेसबरोबर होता तर नगर विरोधात गेले. १९७७ साली देश काँग्रेसच्या विरोधात होता तर नगर तिच्याबरोबर राहिले. नगरचा मतदार वाऱ्याबरोबर डोलत नाही. आपल्या मनाने ठरवतो.

१९८० साली काँग्रेसचे चंद्रभान आठरे पाटील निवडून आले. १९८४ आणि १९८९ साली काँग्रेसचेच यशवंतराव गडाख निवडून आले. १९८९ साली आणखी एक बदल झाला. मताचे वय २१ होते, ते १८ झाले. पोरेसोरे म्हणून ज्यांना घरात कुणी विचारत नव्हते, त्यांनाही देशाने विचारले.

प्रचारातली जीभ

आता १९९१ ची निवडणूक. ती देशातल्या वकिलांना आणि न्यायाधीशांना आजही ठाऊक आहे.

काँग्रेसचे उमेदवार होते यशवंतराव गडाख. त्यांच्यासमोर अपक्ष म्हणून उभे होते बाळासाहेब विखे पाटील. विखे पाटील १९७१ पासून कोपरगावमधून ओळीने निवडून येत होते. या वेळी ते नगरला उभे राहिले. निवडणूक फार चुरशीची झाली. गडाख निवडून आले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. विखे पाटील मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, प्रचारात माझ्या वागण्याबद्दल आणि चारित्र्याबद्दल खोटी विधाने केली गेली. आपल्या देशात १९५१ सालचा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या १२३ व्या कलमात निवडणुकीतले भ्रष्ट मार्ग सांगितले आहेत. लाच देणे हा एक मार्ग. धाकदपटशा करणे हा दुसरा. जातीच्या, धर्माच्या नावाने मते मागणे हा आणखी एक. आणि समोरच्या उमेदवाराच्या चारित्र्यावर जाणूनबुजून खोटा आळ घेणे, हाही त्यातलाच एक.

उच्च न्यायालयाने १९९३ साली ती निवडणूक रद्द ठरवली आणि विखे पाटलांना विजयी ठरवले. गडाख सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात निकाल दिला. निवडणूक रद्द झाली ती रद्दच, असे सांगितले. पण विखे पाटलांना विजयी ठरवलेले मात्र मान्य केले नाही.

असे का? याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. निवडणूक भ्रष्ट मार्गाने जिंकली असेल तर ती रद्द होते. पण हरलेल्या माणसाला त्याच जागी बसवायचे, तर आधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. त्या भ्रष्ट मार्गाने मिळालेली मते वजा केली, तर हाच माणूस जिंकला असता, हे दाखवावे लागते. ते इथे सिद्ध झाले नाही. मत गुप्त असते. भाषण ऐकून कुणी आपले मत फिरवले आणि कुणी नाही, हे कोण सांगणार? खासदार कोण, हे ठरवायचे काम मतदाराचे.

या खटल्यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, प्रचारात जीभ सैल सोडता येत नाही. पुढाऱ्याची टीका कितीही कडक चालेल. "तुझे धोरण चुकले, तू काम केले नाहीस" असे खुशाल म्हणावे. पण माणसाच्या चारित्र्यावर खोटे बोलले तर निवडून आलेली खुर्चीही जाते. दुसरी, निवडणुकीत खोटेपणा झाला असे वाटले तर मारामारी करायची नाही, गावात वैर धरायचे नाही. निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. हा अर्ज उमेदवार करू शकतो, आणि साधा मतदारसुद्धा करू शकतो.

चिन्हे बदलली, माणसे फिरली

१९९६ साली काँग्रेसचे मारुतीराव ऊर्फ दादा पाटील शेळके निवडून आले. पुढे नगरचा मतदार भराभर कौल बदलू लागला.

१९९८ साली बाळासाहेब विखे पाटील नगरमधून निवडून आले. या वेळी त्यांचे चिन्ह होते शिवसेनेचे धनुष्यबाण. लगेच पुढच्या वर्षी, १९९९ साली, पुन्हा निवडणूक झाली. तेव्हा नगरने भारतीय जनता पक्षाचे दिलीप गांधी यांना निवडले. २००४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे तुकाराम गडाख आले. २००९ साली पुन्हा दिलीप गांधी आले. तेव्हा फरक होता सुमारे ४६ हजार ७०० मतांचा. २०१४ साली तेच पुन्हा आले, आणि या वेळी फरक दोन लाखांच्या वर गेला.

इथे जरा थांबू. आपल्या आजा-पणजांना चित्र ओळखणे पुरेसे होते. बैलजोडी दिसली की हात तिकडे जाई. पण ती बैलजोडी पुढे गेली. इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे चिन्ह आधी गाय-वासरू झाले, मग हात झाले. माणसेही चिन्ह बदलतात. बाळासाहेब विखे पाटील यांचेच पाहा. १९८९ साली ते हात या चिन्हावर निवडून आले. १९९१ साली अपक्ष उभे राहिले. १९९८ साली नगरमधून आणि १९९९ साली कोपरगावमधून धनुष्यबाणावर निवडून आले. २००४ साली कोपरगावमधूनच पुन्हा हातावर आले.

पक्ष बदलणे बरे की वाईट, ते आम्ही सांगत नाही. ते तुम्ही ठरवा. पण नुसते चित्र ओळखणारा मतदार अशा वेळी गोंधळतो. शेजारी सांगेल ते त्याला ऐकावे लागते. ज्याला अक्षर येते, तो चिन्हाशेजारचे नाव वाचतो. मागच्या वेळी हा माणूस कुठे होता, काय बोलला होता, ते पेपरात वाचतो. मग विचारतो, "का हो, का बदलला?" तुम्ही आता अक्षर शिकलात. म्हणून हा प्रश्न विचारायचा अधिकार आणि बळ, दोन्ही तुमच्याकडे आले.

दोन निवडणुका, एक धडा

२०१९ साली भारतीय जनता पक्षाचे सुजय विखे पाटील उभे राहिले. ते बाळासाहेबांचे नातू. समोर राष्ट्रवादी काँग्रेसचे संग्राम जगताप होते. विखे पाटलांना ७,०४,६६० मते मिळाली. जगतापांना ४,२३,१८६ मते मिळाली. फरक किती? २,८१,४७४ मतांचा. लोक म्हणू लागले, आता ही जागा हलत नाही.

पाच वर्षांनी, २०२४ साली, विखे पाटील पुन्हा उभे राहिले. समोर शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे निलेश लंके होते. हे पारनेरचे आमदार होते. राजीनामा देऊन ते लोकसभेला उभे राहिले. त्यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. मते मोजली तेव्हा लंके यांना ६,२४,७९७ मते निघाली. विखे पाटलांना ५,९५,८६८ मते निघाली. लंके २८,९२९ मतांनी निवडून आले.

पावणेतीन लाखांवरची आघाडी पाच वर्षांत सरली, आणि जागा दुसरीकडे गेली.

आता एक गणित करू. पाटी-पेन्सिल घ्या. फरक २८,९२९ मतांचा. त्याचे निम्मे करा. येतात जवळजवळ १४,४६५. म्हणजे लंके यांना मत देणाऱ्यांपैकी एवढ्याच माणसांनी विखे पाटलांना मत दिले असते, तर निकाल फिरला असता. हा आकडा सहा विधानसभा मतदारसंघांत वाटा. एकेकाच्या वाट्याला येतात साधारण २,४११ माणसे. एका मोठ्या गावात याहून जास्त मतदार असतात! म्हणून "माझ्या एका मतानं काय होतंय?" असे कुणी म्हणाले, तर त्याला हे गणित दाखवा.

२०२४ च्या प्रचारात आणखी एक वाद झाला. खासदाराला इंग्रजी बोलता येते की नाही, हा तो वाद. निवडून आल्यावर लंके यांनी लोकसभेत शपथ इंग्रजीतून घेतली. त्याची सगळीकडे चर्चा झाली. पण कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. खासदाराचे वय २५ वर्षे पुरे हवे, तो भारताचा नागरिक हवा आणि मतदार यादीत त्याचे नाव हवे. अमुक शाळा शिकलेला हवा, अमुक भाषा आलीच पाहिजे, अशी अट घटनेत नाही. लोकसभेत मराठीतूनही बोलता येते.

यादी पुन्हा पाहू

१९५२ पासून २०२४ पर्यंतची नावे आपण वाचली. त्यांतून तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. नगरमधून तीनपेक्षा जास्त वेळा कुणीही निवडून गेलेले नाही. यशवंतराव गडाख तीन वेळा, दिलीप गांधी तीन वेळा. बाकीचे त्याहून कमी. घराणी मोठी असतील, कारखाने असतील, संस्था असतील, पैसा असेल. तरी मतदाराने मनात आणले की माणूस घरी जातो. आपल्याकडे सालगडी ठेवतात. साल संपले की मालक विचार करतो, पुढच्या साली ठेवायचा की नाही. खासदार हा आपला पाच सालांचा गडी. मालक आपण.

दुसरी गोष्ट. शेजारच्या शिर्डीतही तसेच. २००९ साली तिथे शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे निवडून आले. त्यांनी रामदास आठवले यांच्यासारख्या देशभर नाव असलेल्या पुढाऱ्याला हरवले. २०१४ आणि २०१९ साली सदाशिव लोखंडे निवडून आले. २०२४ साली पुन्हा वाकचौरे आले. पडलेला माणूसही पुन्हा उठू शकतो. मतदार कुणाला कायमचा डोक्यावर घेत नाही आणि कायमचा पुरतही नाही.

तिसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. ही सगळी यादी वर-खाली वाचा. एकाही बाईचे नाव नाही. मतदारांत निम्म्या बाया आहेत. शेतात, घरात, बचत गटात त्या निम्म्याहून जास्त काम करतात. गावोगाव बाया सरपंच झाल्या. पण नगरमधून लोकसभेवर एकही बाई गेली नाही. २०२३ साली संसदेने घटनेत दुरुस्ती केली. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या एक तृतीयांश जागा बायांसाठी राखायचे ठरवले. जनगणना आणि मतदारसंघांची नवी आखणी झाल्यावर ते लागू करायचे, असे त्या कायद्यात लिहिले आहे. पण राखीव जागा नसतानाही बाईला उभे राहता येते, आणि बाईला मत देता येते. त्याला कुणाची आडकाठी नाही.

आपले काम काय?

पेट्यांचा काळ गेला. १९६२ पासून एकाच कागदावर सगळ्यांची नावे आणि चिन्हे छापून येऊ लागली आणि मतदार त्यावर शिक्का मारू लागला. २००४ पासून लोकसभेला सगळीकडे यंत्र आले. आता यंत्रावर उमेदवाराचे नाव असते, चिन्ह असते आणि फोटोही असतो. बटण दाबले की शेजारच्या यंत्रात काचेआड एक चिठ्ठी दिसते. ती सात सेकंद दिसते. आपण दिलेले मत बरोबर नोंदले की नाही, ते त्या चिठ्ठीवर वाचायचे. सात सेकंद थोडे असतात. पण नाव वाचायला पुरतात. हे वाचन कुणावर सोपवू नका.

आता पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. निवडणुकीच्या आधी मतदार यादीत आपले नाव आहे का, ते स्वतः वाचून पाहा. नावाचे स्पेलिंग, वय, घर बरोबर आहे का ते पाहा. नाव नसेल तर सहा नंबरचा नमुना भरून द्या. गावच्या मतदान केंद्राचा जो कर्मचारी नेमलेला असतो, त्याला बीएलओ म्हणतात. तो मदत करतो.

२. घरात सून आली असेल तर तिचे नाव इथल्या यादीत घाला. मुलगा-मुलगी १८ वर्षांची झाली असेल तर तिचेही घाला.

३. "तुला वाचता येत नाही, मी बटण दाबून देतो," असे कुणी म्हणाला तर नाही म्हणा. आंधळ्या किंवा अपंग मतदारालाच सोबत माणूस नेता येतो. नुसते वाचता येत नाही म्हणून कुणाला आत नेता येत नाही.

४. आपण जायच्या आधीच आपल्या नावावर कुणी मत देऊन गेला असेल, तर रडत परत येऊ नका. केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगा. आपण कोण ते पटवून दिले की तो आपल्याला कागदाची मतपत्रिका देतो. ते मत वेगळे ठेवतात.

५. एकही उमेदवार पसंत नसेल तर यंत्रावर सगळ्यांत खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण असते. लोकसभेला ते २०१४ पासून आले.

६. पैसा, दारू, साडी, जेवणावळ घेऊन मत देऊ नका. देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. आणि हिशेब केला तर सौदा तोट्याचाच. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. कुणी पाचशे रुपये दिले, तर दिवसाला तीस पैसेही पडत नाहीत. तेवढ्यात आपण पाच वर्षांचा बोलायचा हक्क विकला.

७. मत दिले की काम संपले असे समजू नका. खासदाराने लोकसभेत आपल्या कांद्याबद्दल, दुधाबद्दल, पाण्याबद्दल, रेल्वेबद्दल काय विचारले, ते पेपरात वाचा. खासदाराला दर साली पाच कोटी रुपयांपर्यंतची विकासकामे सुचवता येतात. आपल्या गावाला त्यातले काय आले, ते ग्रामसभेत विचारा.

'गाव करी ते राव न करी' अशी आपली जुनी म्हण आहे. लोकसभेच्या निवडणुकीत ती पुरी खरी ठरते. धड्याच्या सुरुवातीला आम्ही विचारले होते, नगरची जागा कोणाची? हिशेब तुमच्यापुढे आहे. उत्तर तुम्ही आपल्या हाताने वहीत लिहा, आणि खाली आपली सही करा.

वाचा आणि सांगा

१. १९५२ साली अक्षर न येणाऱ्या लोकांनी मत कसे दिले?
२. १९५७ साली नगरने वेगळा कौल का दिला?
३. १९९१ ची निवडणूक न्यायालयाने का रद्द केली? हरलेल्या उमेदवाराला ती जागा का मिळाली नाही?
४. २०१९ आणि २०२४ साली निवडून आलेला उमेदवार किती मतांनी पुढे होता? दोन्ही आकडे अक्षरांत लिहा.
५. आपले गाव कोणत्या विधानसभा मतदारसंघात आणि कोणत्या लोकसभा मतदारसंघात येते?
६. घरातल्या सगळ्या मतदारांची नावे लिहा. प्रत्येक बाईचे नाव तिला विचारून, तिचे स्वतःचे लिहा.

शब्दांचे अर्थ

कौल : लोकांनी दिलेला निर्णय
अपक्ष : कोणत्याही पक्षाचा नसलेला उमेदवार
द्विभाषिक : दोन भाषांचे
प्रचार : आपल्या बाजूने लोकांचे मन वळवण्यासाठी केलेले बोलणे, सभा, फेऱ्या
चारित्र्य : माणसाची वागणूक व चालचलन
आळ : खोटा आरोप
वतन : पूर्वी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क